संगीताचे डिजिटल संग्रह: ऐकायला ढीगभर, संदर्भाला किती?

मंद्र (धागाकर्ती)

तीन मिनिटांची एखादी जुनी रेकॉर्ड ऐकायची असेल तर आज दहा सेकंद पुरतात. त्याच रेकॉर्डबद्दल लेखात एक वाक्य लिहायचं म्हटलं की आठवडा हातचा जातो. मुद्रण कधीचं, कंपनी कोणती, मागच्या बाजूला काय होतं, चढवणाऱ्याने वेग बदललाय का, खरखर काढताना वरचे सूरही खरवडून निघालेत का, यातलं काहीही व्हिडिओखाली नसतं. असतं काय, तर "अतिशय दुर्मिळ!! नक्की ऐका". वर्षभराने दुवा तपासायला जावं तर ते खातंच नाहीसं झालेलं.

म्हणून हा धागा. संगीताचा अभ्यास करणाऱ्यांना खरोखर उपयोगी पडणारे डिजिटल संग्रह कोणते आणि ते का उपयोगी पडतात, यावर इथल्या जाणत्यांनी लिहावं. सुरुवात मी करते.

पाश्चात्त्य संगीतवाल्यांचा हेवा वाटावा अशी एक गोष्ट म्हणजे रिझ्म. १९५२ मध्ये पॅरिसला सुरू झालेला आंतरराष्ट्रीय उपक्रम. काम एकच: जगभरच्या ग्रंथालयांत, चर्चमध्ये, मठांत, खासगी कपाटांत पडलेल्या सांगीतिक हस्तलिखितांची आणि जुन्या छापील स्वरलेखनांची नोंद करायची. २०१० पासून ही सूची इंटरनेटवर फुकट बघता येते आणि तिच्यात दहा लाखांहून जास्त नोंदी आहेत. ध्वनी नाहीच, बऱ्याच हस्तलिखितांचे फोटोही नाहीत. नुसती नोंद. पण त्या नोंदीत रचनेचे सुरुवातीचे सूर टंकून ठेवलेले असतात आणि त्या सुरांवरून शोध घेता येतो.

समजा, हाती एक सुटं पान आलं. ना नाव ना गाव, फक्त सूर. त्यातले पहिले सात-आठ सूर टाकायचे. पट्टी वेगळी असली तरी अडत नाही, कारण सुरांमधल्या अंतरांवरूनही शोधता येतं. मग कळतं की हीच चाल आणखी दोन देशांत, दोन वेगळ्या संगीतकारांच्या नावावर पडून आहे. अठराव्या शतकात खपणाऱ्या नावाखाली दुसऱ्याचा माल विकणं सर्रास चालायचं. हायडन या नावाजलेल्या संगीतकाराच्या नावावर तर कितीतरी परक्या सिम्फनी खपल्या. असे गुंते सोडवायला ही सूची लागते, आणि त्यासाठी एकही सूर कानावर पडावा लागत नाही.

माझं मत विचाराल तर नोंद आधी, फाइल नंतर. पटत नसेल तर भांडा.

साधा श्रोता

भांडतो. तुमचं रिझ्म वगैरे ठीक आहे, पण ती मंडळी कागदावर लिहून संगीत करणारी. आपल्याकडे गाणं कानात. कुठल्याशा संस्थेच्या कपाटात उत्तम नोंद होऊन कुलूपबंद पडलेल्या टेपचा मला काय उपयोग? यूट्यूबवर कोणा हौशी माणसाने चढवलं म्हणून माझ्यासारख्यांच्या कानावर जुनी माणसं पडली. आधी ऐकू तर द्या. नोंदी काय, सावकाश होतील.

तिरकिट

+१ साश्रो. बाकी वाचतोय.

कपाटवाला

"सावकाश होतील" इथेच तर गोची आहे. रेकॉर्ड हातात असताना जे दिसतं ते फाइल झाल्यावर कायमचं जातं.

उदाहरण देतो. लाखेच्या रेकॉर्डवर दोन आकडे असतात. लेबलवर छापलेला तो कॅटलॉग नंबर, म्हणजे दुकानदाराच्या सोयीचा. दुसरा लेबलच्या जवळ, खाचा संपतात तिथे लाखेत उमटलेला. उजेडात तिरपी धरल्याशिवाय नीट दिसतही नाही. तो मेट्रिक्स नंबर, म्हणजे त्या विशिष्ट मुद्रणाचा. कंपनी तेच मुद्रण दहा वर्षांनी नव्या कॅटलॉग नंबरने, वेगळ्या रंगाच्या लेबलवर, गायिकेच्या नावाचं स्पेलिंग बदलून पुन्हा काढते. मेट्रिक्स नंबर तोच राहतो. उलटही होतं: लेबल तेच, पण आतलं गाणं त्याच दिवशी दुसऱ्यांदा गायलेलं. लेबलचा फोटो टाकून ऑडिओ चढवणाऱ्याने हा दुसरा आकडा टिपलेला नसतो. मग दोन वेगळी मुद्रणं एकच समजली जातात, नाहीतर एकाच मुद्रणाची दोन होतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा ग्रंथालयाने अमेरिकन रेकॉर्डांची जी प्रचंड सूची ऑनलाइन ठेवलीय ती या मेट्रिक्स नंबरांच्या पायावर उभी आहे. ध्वनी मिळाला तिथे जोडलाय, नाही मिळाला तिथे नुसती ओळ. ती ओळसुद्धा सोन्याची.

दुसरं म्हणजे वेग. ७८ हा आकडा सुरुवातीच्या काळात अजिबात पक्का नव्हता. कंपनीगणिक, कधी कधी एकाच कंपनीत दिवसागणिक फरक. ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेली रेकॉर्ड ७८ ने वाजवली की सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. म्हणजे पेटीच्या पांढरी एकमध्ये गायलेलं काळी एकमध्ये ऐकू येतं, लयही चढते. त्यावरून "अमुक बुवा केवढ्या चढ्या पट्टीत गायचे" असं लिहिलेले लेख मी वाचलेत. चांगल्या संग्रहात कोणत्या वेगाने, कोणत्या जाडीच्या सुईने वाजवली ते लिहिलेलं असतं. इंटरनेट आर्काइव्हच्या 'ग्रेट ७८' प्रकल्पात तर एकेक बाजू चार वेगवेगळ्या मापांच्या सुयांनी एकाच वेळी उतरवली आहे आणि त्या चारही फाइली ठेवल्यात. कान आपले, निवड आपली.

अवांतर: १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गायिका गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. गाणं संपताना ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. त्याची गंमत पुष्कळांनी केली आहे, पण तो नखरा नव्हता. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या माणसाला कळायला नको, लेबल कोणाचं चिकटवायचं ते? नोंद ध्वनीतच घालून पाठवली होती. साश्रो, तिने "सावकाश होईल" म्हटलं असतं तर आज आपण तिला ओळखलं असतं का?

साधा श्रोता

कपाटवाले, शेवटचा टोला बसला. तरी माझा मुद्दा राहतोच. सांता बार्बराची नुसती ओळ वाचून मला गाणं कळत नाही.

ग्रंथाळ

मी पोटापाण्यासाठी सूचीकाम करते, त्यामुळे या धाग्यात तोंड घालणं भाग आहे.

गाण्यांच्या सूचीत सगळ्यात जास्त वेळ खातात ती नावं. भीमपलास, भीमपलासी. अब्दुल करीम खाँ, अब्दुलकरीमखान, शिवाय रोमन लिपीत जितके लिहिणारे तितकी रूपं. संगणकाच्या दृष्टीने ही सगळी वेगळी. म्हणून ग्रंथालयात नियंत्रित नावांची यादी ठेवतात: एका व्यक्तीला एक क्रमांक, त्या क्रमांकाखाली सगळी रूपं. कोणी काहीही टंकलं तरी त्याच माणसाशी पोचतं. म्युझिकब्रेन्झ नावाची लोकांनी चालवलेली माहितीपेढी आहे, तिथे प्रत्येक कलाकाराला, प्रत्येक मुद्रणाला ३६ अक्षरांची एक लांबलचक ओळखखूण मिळते. दिसायला भयंकर, पण कामाला चोख. बार्सेलोनातल्या 'कॉम्पम्युझिक' प्रकल्पाने हिंदुस्तानी आणि कर्नाटक संगीताची माहिती गोळा करताना तिचाच आधार घेतला.

रागांची गोष्ट याहून अवघड. नावाची रूपं एकत्र बांधली म्हणून काम संपत नाही, कारण उलटा घोटाळाही आहे. कर्नाटकातला तोडी आपल्या भैरवीच्या सुरांचा. त्यांचा हिंदोलम म्हणजे आपला मालकंस, आपला हिंदोल वेगळाच. दोन्ही परंपरा एकाच संग्रहात असतील आणि रागाच्या रकान्यात नुसतं 'तोडी' लिहिलं असेल, तर शोधणारा चुकीच्या दारात उभा. आणि एकाच रागाचं घराण्यागणिक वेगळं रूप हा तर आणखी पुढचा मामला. तिथे मी हात टेकते आणि "गायकाने सांगितलेलं नाव" असा वेगळा रकाना करते. सूचीकाराने राग ठरवायचा नाही, कोणी काय म्हटलं ते लिहायचं. हे धोरण सगळ्यांना आवडत नाही.

यंत्रमागे

सगळे प्रतिसाद वाचले. इतक्या हातकामाची गरज उरलीय का, असा प्रश्न पडला. २०११ ते २०१७ या काळात, वर उल्लेख आलाय त्या कॉम्पम्युझिकमध्ये शावियेर सेर्रा आणि मंडळींनी हेच तर केलं: मुद्रणातून षड्ज आपोआप काढणं, स्वररेषा (सूर कसा चढतो-उतरतो त्याचा आलेख) काढणं, सम शोधणं, राग ओळखणं. हिंदुस्तानी, कर्नाटक, तुर्की मकाम, अरब-अंदालुसी आणि पेकिंग ऑपेरा अशा पाच परंपरा त्यात घेतल्या होत्या. त्यांच्या 'दुन्या' या संकेतस्थळावर गाणं वाजत असताना खाली स्वररेषा सरकताना दिसते. त्याच्या आधी मुंबईत एनसीपीए या कलासंस्थेत सुवर्णलता राव आणि ॲमस्टरडॅमचे विम व्हान दर मेर यांनी 'ऑट्रिम' प्रकल्पात आलाप-बंदिशींचे असेच आलेख केले होते. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, कागदावर लिहिता येत नाही म्हणून आपण रडत होतो, इथे ती डोळ्यांनी दिसते. साश्रो, तुमच्यासाठी: हे ऐकायलाही मिळतं.

माझं म्हणणं, ध्वनी गोळा करा, नोंद यंत्र करेल.

मंद्र

यंत्रमागे, स्वररेषेबद्दल शंभर टक्के सहमत. एका रागाच्या दहा मुद्रणांत कोमल गंधार नेमका कुठे लागतो, आंदोलन किती खोल आहे, हे अशा आलेखांशिवाय नुसत्या कानाने सांगणं म्हणजे वादाला आमंत्रण.

पण यंत्राला राग शिकवला कोणी? त्याच चमूने नंतर 'सरागा' नावाचा खुला संच प्रसिद्ध केला. हिंदुस्तानी मुद्रणं त्यात शंभराच्या आसपास आहेत. सम कुठे, विलंबित कुठे संपलं, षड्ज कोणता, हे जाणकारांनी ऐकून खुणा करून ठेवलंय. यंत्र त्या खुणांवर शिकतं. खुणा म्हणजे नोंदच की. आणि मुद्रणाचं साल, साथीदार, जागा, मेट्रिक्स नंबर हे ध्वनीत नसतंच. गौहरजानसारखं सगळेच ओरडून सांगत नाहीत.

तिरकिट

तबल्यावाल्यांना या सगळ्या संग्रहांत सावत्र वागणूक. मुद्रणाच्या नोंदीत गायकाचं नाव, रागाचं नाव, फार तर तालाचं. साथीदार "अज्ञात". त्या काळच्या लेबलांवरच नसायचं म्हणतात. ठीक. पण आज नव्याने नोंद करतानाही साथीदाराचा रकाना सोडून देणारे संग्रह मी बघितलेत.

ग्रंथाळ

तिरकिट, तक्रार रास्त आहे. 'अज्ञात' लिहिणंसुद्धा रकाना सोडण्यापेक्षा बरं. त्यावरून निदान कळतं की कोणीतरी शोधलं होतं.

गंधार_को

सगळे ध्वनीवर बोलताहेत, मी जरा कागदाकडे वळवतो. साश्रो म्हणाले आपल्याकडे गाणं कानात. बरोबर, पण भातखंड्यांनी क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत बंदिशींचा केवढा साठा कागदावर आणला! ते १९३६ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावरचा कॉपीराइट १९९७ पासूनच संपलेला. जुन्या आवृत्त्यांचे स्कॅन सहज मिळतात. पण स्कॅन म्हणजे चित्र. "ज्यांच्या मुखड्यात ग म ध नि सां असा चढ आहे अशा सगळ्या बंदिशी दाखव" असं चित्राला विचारता येत नाही.

मग लोक म्हणतात, ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं यंत्राकडून वाचून घ्या. तिथेच खरी मजा. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर टिंब. मराठी मजकूर वाचायला शिकलेलं ओसीआर खालच्या रेघेला अधोरेखन समजतं आणि टाकून देतं. एक रेघ गेली की कोमल गंधार शुद्ध झाला. काफीतल्या ग आणि नि खालच्या रेघा गेल्या की उरला बिलावल. भैरवीतल्या रे ग ध नि खालच्या गेल्या, तरी उरला बिलावलच. अख्खं पुस्तक यंत्रातून काढा, दहा थाटांतलं वैविध्य जाऊन एक सुखी, शुद्ध स्वरांचा महाराष्ट्र हाती येईल. खालची टिंबं धूळ म्हणून पुसली जातात ती वेगळीच; मंद्रातला नि वर मध्यात येऊन बसतो.

पलुस्कर पद्धतीची पुस्तकं त्याच यंत्रात घातली तर आणखी बहार. तिथे मंद्राचं टिंब वर, आणि तारसप्तकाला उभी रेघ. म्हणजे एका पद्धतीत जे टिंब तार सांगतं तेच दुसरीत मंद्र सांगतं. एका पद्धतीत जी उभी रेघ मध्यम तीव्र करते ती दुसरीत स्वर वरच्या सप्तकात नेते. कोणत्या पुस्तकात कोणती पद्धत हे आधी सांगितल्याशिवाय यंत्र काय, माणूसही चुकेल.

पाच रेघांच्या स्टाफवर सूर लिहिणाऱ्या पाश्चात्त्यांना हा त्रास वेगळ्या रूपात झाला, पण त्यांनी चाळीस-पन्नास वर्षं चिकाटीने काम केलं. स्वरलेखन साध्या मजकुरात टंकायच्या पद्धती केल्या. डेव्हिड ह्यूरनची हमड्रम त्यातली एक: प्रत्येक आवाजाला एक उभा स्तंभ, वरून खाली वेळ. भातखंड्यांच्या बंदिशी हमड्रममध्ये घालण्याचे प्रयत्नही झालेत, आणि तिथे मुखड्याच्या चढउतारावरून शोध शक्य होतो. दुसरी पद्धत एमईआय, व्हर्जिनिया विद्यापीठातल्या पेरी रोलंड यांनी सुरू केलेली. तिची खासियत अशी की एकाच जागेचे चार पाठभेद एकत्र ठेवता येतात: अमक्या प्रतीत हा सूर, तमक्या प्रतीत तो.

ही खासियत मला आपल्यासाठी फार मोलाची वाटते. बाखचे चेलोसाठीचे सूट घ्या. त्याच्या स्वतःच्या हातची प्रत उरलेलीच नाही. त्याच्या बायकोच्या, ॲना माग्दालेनाच्या हातची नक्कल बर्लिनच्या ग्रंथालयात आहे, 'बाख डिजिटल' वर कोणीही उघडून मोठी करून बघू शकतो. त्यात सुरांना बांधणाऱ्या कमानी इतक्या सैल काढल्यात की कमान तिसऱ्या सुरावर संपते का चौथ्यावर, यावर वादक आजही भांडतात. दुसऱ्या नकलांमध्ये कमानी वेगळ्या. छापील आवृत्तीत संपादकाने एक पाठ निवडून बाकीचे गाडून टाकलेले असतात. डिजिटल आवृत्तीत चारही समोर. आता एकच बंदिश तीन घराण्यांत तीन तऱ्हेने गायली जाते तेव्हा आपणही हेच करायला नको का? "मूळ चाल कोणती" या वांझोट्या भांडणापेक्षा सगळे पाठ शेजारी शेजारी ठेवा, प्रत्येकाखाली कोणाकडून आला ते लिहा.

आडवाट

गंधार_को, "शुद्ध स्वरांचा महाराष्ट्र" 😀😀 वाचनखूण साठवली.

यंत्रमागे

रेघांचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. मजकूर वाचणारं यंत्र न वापरता स्वरलिपीसाठी वेगळं शिकवावं लागेल. त्यासाठी आधी काही शे पानं हाताने टंकून...

बरं, आलं लक्षात. परत नोंदच.

साधा श्रोता

आता हक्कांबद्दल कोणी बोलेल का? माझ्या मते संस्था नोंदी करत बसतात आणि गाणी कुलुपात ठेवतात याचं खरं कारण वकील आहेत.

ग्रंथाळ

बऱ्याच अंशी खरं आहे. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे १९५० मध्ये निघालेली रेकॉर्ड २०११ मध्ये मोकळी झाली. अमेरिकेत त्याच साली निघालेल्या अमेरिकन रेकॉर्डला २०६० च्या अखेरपर्यंत संरक्षण आहे. तिथे १९२३ पूर्वीची मुद्रणं मोकळी झाली तीसुद्धा थेट १ जानेवारी २०२२ ला, तेही २०१८ च्या कायद्यामुळे. संग्रहाचा सर्व्हर कुठे आणि ऐकणारा कुठे, यावर सगळं फिरतं.

स्वरलेखनाचंही तेच. आयएमएसएलपी हा छापील स्वरलेखनांचा जगातला बहुधा सगळ्यात मोठा मोफत साठा, २००६ मध्ये कॅनडात एका विद्यार्थ्याने सुरू केला. २००७ च्या ऑक्टोबरात व्हिएन्नातल्या एका प्रकाशन संस्थेची नोटीस आली आणि त्याने तो बंद केला. कारण कॅनडात तेव्हा मृत्यूनंतर ५० वर्षांची मुदत होती, युरोपात ७०. म्हणजे काही रचना कॅनडात मोकळ्या, ऑस्ट्रियात नाहीत. जून २००८ मध्ये साठा परत सुरू झाला. गंमत म्हणजे २०२२ च्या अखेरीस कॅनडानेही मुदत ७० केली.

कपाटवाल्यांनी सांगितलेल्या 'ग्रेट ७८' वरही मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी २०२३ मध्ये दावा लावला. २०२५ मध्ये तो तडजोडीने मिटला.

यातून माझा मुद्दा असा की गाणं खुलं ठेवता येईल का, हे दर देशात आणि दर दशकात बदलतं. नोंदीचं तसं नाही. कोणी, काय, कधी, कुठे गायलं ही माहिती कोणाच्या मालकीची नसते, ती आजच खुली ठेवता येते. गुरुग्रामला एआरसीई हा संगीत-अभ्यासकांसाठीचा ध्वनिसंग्रह आहे, १९८२ मध्ये स्थापन झालेला. अभ्यासकांनी, गोळा करणाऱ्यांनी ठेवायला दिलेली मुद्रणं तिथे जपली जातात. नोंद बघायची, हवं ते ठरवायचं, तिथे जाऊन ऐकायचं. साश्रोंना हे कुलूप वाटेल. पण कुलुपामागे काय आहे ते निदान दारावर लिहिलंय.

साधा श्रोता

दारावर लिहिलंय हे मान्य. किल्ली सगळ्यांना परवडत नाही, हेही लिहून ठेवा.

मंद्र

साश्रो, तुमची ही तक्रार मी मूळ धाग्यातच घालायला हवी, इतकी योग्य आहे. प्रवासाला पैसे आणि रजा असलेल्यालाच संशोधन करता येणार असेल तर डिजिटल या शब्दाला अर्थ काय?

कपाटवाला

खुलं असलं तरी एका जागी ठेवून चालत नाही, हेही सांगतो. 'यंग इंडिया' आणि 'ओडियन' या लेबलांच्या जुन्या भारतीय रेकॉर्डी ब्रिटिश लायब्ररीच्या संकटग्रस्त संग्रहांसाठीच्या कार्यक्रमातून डिजिटल झाल्या. उत्तम काम: रेकॉर्डी, लेबलं, कॅटलॉग, सगळं. आणि मग २०२३ च्या ऑक्टोबरात त्या लायब्ररीवर सायबर हल्ला झाला. सूची जानेवारी २०२४ मध्ये मर्यादित रूपात परत आली, ऑनलाइन ध्वनीसारख्या बाकीच्या सेवांना त्याहून कितीतरी जास्त वेळ लागला. जगातल्या सगळ्यात भक्कम ग्रंथालयांपैकी एक! ज्यांनी आपापल्या प्रती आणि याद्या घरी उतरवून ठेवल्या होत्या त्यांचं काम चालू राहिलं.

आडवाट

तज्ज्ञांच्या मध्ये एक व्यावहारिक प्रश्न. आजोबांनी घरगुती बैठकींच्या भरपूर कॅसेट करून ठेवल्यात. गायक बहुतेक हयात नाहीत. डिजिटल करून कुठे द्याव्या? की सरळ यूट्यूबवर टाकाव्या? आवाज स्वच्छ करायचं एक सॉफ्टवेअर आहे माझ्याकडे.

ग्रंथाळ

यूट्यूबची घाई नको. खासगी बैठकीत गाणाऱ्याने ती जगापुढे जाईल असं धरलेलं नसतं. आपल्या कायद्यात कलाकाराचा सादरीकरणावरचा हक्क ५० वर्षं राहतो, तो रेकॉर्ड कंपनीच्या हक्काहून वेगळा. वारसांना विचारा. विचारलं की पुष्कळदा माहितीही मिळते: कोण साथीला होतं, कोणाच्या घरी. संस्थेला देताना लेखी लिहून द्या की काय खुलं, काय जागेवर बसून ऐकण्यापुरतं.

आणि कॅसेटच्या वेष्टनावर आजोबांनी जे काही खरडलं असेल त्याचा आधी फोटो काढा. दोन्ही बाजूंचा. खोडलेलं असेल तरी.

कपाटवाला

डेकचं हेड साफ करा. प्रत्येक कॅसेटला हेडचा कोन जुळवून घ्यावा लागतो. डेकमध्ये त्याचा बारीक स्क्रू असतो. वरचे सूर सगळ्यात लख्ख ऐकू येतील तिथे थांबायचं. हे केलं नाही तर आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो आणि मग लोक सॉफ्टवेअरला दोष देतात. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, डब्ल्यूएव्ही. एमपी३ फक्त ऐकायला. जागा फार खाते असं वाटलं तर ४८ किलोहर्ट्झपर्यंत उतरा, खाली नको.

नोंदीचा नमुना देतो, असं लिहा:

कॅसेट ७, बाजू ब. वेष्टनावर शाईने: "मारवा, नंतर ठुमरी". ठुमरीचा राग लिहिलेला नाही. ऐकून खमाज वाटतो (हे माझं मत). ००:०० ते २१:४० ख्याल, सुरुवात कापलेली. २१:४० ला टेप थांबवून पुन्हा सुरू. तबला: अज्ञात. पेटी आहे. १३:०५ ला मागे कोणीतरी दाद देताना एक नाव घेतं, नीट कळत नाही.

असं. तुमचं मत आणि वेष्टनावरचं लिखाण एकमेकांत मिसळू द्यायचं नाही, एवढं पथ्य.

आडवाट

आभार दोघांचेही. कॅसेटवर सगळीकडे एक घुंऽऽ असा आवाज आहे, विजेचा असावा. तो तरी काढू ना?

कपाटवाला

मूळ फाइलमधून अजिबात काढू नका! आपल्याकडच्या विजेची ती गुणगुण ५० हर्ट्झची, नाहीतर तिच्या दुप्पट १०० ची. फाइलमध्ये ती १०४ ला दिसली तर टेप चार टक्के जोरात चालतेय, म्हणजे बुवांची पट्टीही तितकीच चढलेली. वेग तपासायला याहून सोपं साधन नाही. विजेची वारंवारता स्वतः थोडी हलते, म्हणून पेटीच्या सुराशी ताडून बघा. ऐकायच्या प्रतीतून खुशाल काढा, आणि काय काढलं ते नोंदीत लिहा.

तिरकिट

आडवाट, कॅसेट ७ नाही, पण कोणत्याही कॅसेटवर तबलजीचं नाव सापडलं तर इथे टाका.